पाय कधी, कोणाला आणि कसा दाखवावा: टाच, घोटा आणि तळव्याच्या दुखण्यांविषयी

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या आईचा डावा पाय सुजला. अंगणात उतरताना पायरीवर पाऊल जरा वाकडे पडले होते, एवढेच तिला आठवत होते. पाऊल लालसर दिसत होते, पण फारसे दुखत नव्हते, म्हणून स्वयंपाक, पूजा, बाजारहाट सगळे चालूच राहिले. जवळच्या दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून गोळ्या मिळाल्या, एक्स-रे काढला तर त्यात काही निघाले नाही, आणि शेजारच्या काकूंनी आपुलकीने रोज तेल लावून पाय चोळून दिला. सहा आठवडे असे गेल्यावर आम्ही पायाच्या विकारांचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे पोहोचलो. त्यांनी काही विचारण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू प्रथम तिच्या उजव्या पावलावर आणि मग डाव्या पावलावर टेकवली आणि विचारले, "काकू, हा पाय असा गरम किती दिवस आहे?" त्वचेचे तापमान मोजण्याच्या यंत्राने दोन पावलांत तीन अंश सेल्सिअसचा फरक दाखवला. आईला अठरा वर्षांचा मधुमेह आहे. तिच्या पायाच्या संवेदना गेलेल्या होत्या, आतली हाडे झिजून सरकत होती, आणि ती त्याच पायावर घरभर चालत होती. या अवस्थेला शार्को पाय म्हणतात. तोवर तळव्याची कमान खचून गेली होती.

हाताची मागची बाजू टेकवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. ते आम्हाला ठाऊक असते तर सहा आठवडे वाया गेले नसते. म्हणूनच पायाचे कोणते दुखणे घरी सांभाळावे, कोणते त्याच दिवशी दाखवावे, कोणाकडे जावे आणि जाताना काय घेऊन जावे, हे क्रमाने लिहीत आहे. औषधांची मात्रा आणि अंतिम निदान अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

पहिले काम: दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येणे

मराठीत ‘पाय दुखतो’ या एका वाक्यात मांडीपासून नखापर्यंत सगळे येते, आणि दवाखान्यात नेमकी तिथेच पहिली गफलत होते. त्यामुळे घरीच खुर्चीवर बसून, पाय मांडीवर घेऊन, दुखणारी जागा एका बोटाने दाबून शोधावी. दुखणे टाचेच्या तळाशी आहे की मागच्या बाजूला, घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली आहे की आतल्या, तळव्याच्या मध्ये आहे की चवड्याखाली, एका बोटात आहे की नखाच्या कडेला, हे नेमके सांगता आले तर निदानाचे निम्मे काम तिथेच होते. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यामुळे दोन बोटांच्या अंतरावरची दोन दुखणी संपूर्णपणे वेगळ्या कारणांची असू शकतात.

जागा सापडल्यावर वेळ पाहावी. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले टाकताना सर्वांत जास्त दुखते की दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी? चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि दोन मिनिटे थांबले की जातो का? रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो का? आणि दुसरा पाय शेजारी ठेवून तुलना करावी: रंग, सूज, आणि हाताच्या मागच्या बाजूने ऊब.

ज्यासाठी उद्याची वाट पाहू नये

मधुमेह असलेल्या किंवा पाय बधिर असलेल्या माणसाच्या पावलावरची कोणतीही जखम, फोड, दुर्गंधी, काळे पडलेले बोट किंवा एकच पाऊल गरम होऊन सुजणे हे सगळे त्याच दिवशी दाखवावे, दुखत नसले तरी. किंबहुना दुखत नसले तर अधिकच. लाली पावलावरून वर चढू लागली आणि थंडी वाजून ताप आला, तर थेट रुग्णालय गाठावे. पाय एकाएकी थंड, पांढुरका आणि अतिशय वेदनामय झाला, तर रक्तवाहिनी बंद झाल्याची शक्यता असते आणि तिथे हिशेब तासांचा असतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती पोटरी चोळू नये. त्यासोबत धाप लागली तर रुग्णवाहिका बोलवावी; १०८ क्रमांक त्यासाठीच आहे.

दोन्ही पायांना सारखी सूज येत असेल, तर दोष बहुधा पायात नसतो. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा रक्तदाबाची एखादी गोळी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिन, यांपैकी काही त्यामागे असू शकते. अशा वेळी पायाच्या डॉक्टरांकडे जाण्याऐवजी आपल्या नेहमीच्या फिजिशियनना भेटावे, आणि गोळी स्वतःहून बंद करू नये.

टाचदुखी

सकाळी उठून पहिले पाऊल टेकवताच टाचेच्या तळाशी, थोडे आतल्या बाजूला, खिळा टोचल्यासारखे दुखते, दहा-वीस पावलांनंतर कमी होते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा उसळते. हे वर्णन जुळत असेल, तर बहुतेक वेळा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या जाड पट्ट्याला झालेली इजा, म्हणजे प्लांटार फॅसायटिस, हे कारण असते. दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका, शिक्षक, वाहतूक पोलीस, सुरक्षारक्षक, आणि वजन थोड्या काळात वाढलेली माणसे यांच्यात हे दुखणे फार आढळते. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढून दिवसभर कडक फरशीवर अनवाणी वावरण्याची रीत आहे, तीही टाचेला जड जाते. उंबऱ्याच्या आत वापरण्यासाठी मऊ तळाची स्वतंत्र चप्पल ठेवणे हा पहिला उपचार आहे आणि तो औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा उपचार ताणाचा. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी, अंथरुणातच बसून, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे आणि चवडा नडगीकडे ओढून दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. ताण बरोबर बसला असेल, तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा दाबल्यावर ताणलेल्या दोरीसारखा कडक पट्टा हाताला लागतो. त्याशिवाय भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरीचा ताण तीस सेकंद धरावा. पाण्याची लहान बाटली बर्फ करून तिच्यावरून तळवा दहा मिनिटे फिरवल्यास आराम पडतो. मात्र पाय बधिर असलेल्यांनी बर्फ आणि शेक दोन्ही टाळावेत.

एक्स-रेमध्ये टाचेखाली वाढलेले हाड दिसले की लोक घाबरतात. हे हाड दुखणे नसलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही दिसते, आणि टाचदुखी बरी झाल्यावरही ते तिथेच राहते. त्यामुळे केवळ ते काढण्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. दहांपैकी आठ-नऊ माणसे व्यायाम, पादत्राण आणि विश्रांती यांवर सहा ते बारा महिन्यांत बरी होतात. हा काळ मोठा वाटतो, पण तो आधी माहीत असला की तिसऱ्या आठवड्यात धीर सुटत नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही काळ निश्चित आराम देते, पण ते वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि पट्टा तुटण्याचा धोका वाढतो. ‘मागच्या वर्षात किती घेतली’ याची नोंद ठेवावी.

सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल (हाडाला तडा असल्याचे हे लक्षण असू शकते), किंवा तिशीच्या आतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही अर्धा तास आखडत असेल, तर तपासणी करून घ्यावी. शेवटच्या प्रकारात संधिवाताच्या डॉक्टरांचा सल्ला लागतो.

टाचेच्या मागे, घोट्याच्या वर जी जाड कंडरा (पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी) हाताला लागते ती दुखत असेल, तर पोटरीचे व्यायाम हळूहळू वाढवत नेणे हा मुख्य उपाय आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके घेत असताना ही कंडरा दुखू लागली, तर डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण त्या गटाने कंडरा कमजोर होऊन तुटू शकते. बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, फट् असा आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर ती तुटलीच असे समजून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

पाय मुरगळला तर

खड्ड्यात, पायरीवर किंवा रिक्षातून उतरताना पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे) ताणले जातात. हाड मोडले आहे का, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात आणि घरच्या माणसालाही समजतात. दुखापत झाल्यावर लगेच आणि दवाखान्यात पोहोचल्यावर, लंगडत का होईना, चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर हाडातच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे उंचवट्याचे हाड लागते तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही काढावा. यांपैकी काहीच नसेल, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते. हे नियम दुखण्यावर आधारलेले आहेत, म्हणून ज्यांच्या पायाला संवेदनाच नाही त्यांना ते लागू पडत नाहीत. माझ्या आईने त्या दिवशी चार काय, चारशे पावले टाकली होती.

पहिले दोन-तीन दिवस पायाला विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्यावे, आणि झोपताना पाय छातीपेक्षा उंच राहील इतक्या उशा खाली घ्याव्यात. बोटे निळसर पडली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करावी. आंबेहळद-तुरटीचा कोमट लेप घरोघरी लावतात. त्वचा अखंड असेल तर त्याने सहसा अपाय होत नाही, पण त्याच्या भरवशावर एक्स-रे टाळू नये. चोळणे, जोरात ओढून ‘शीर बसवणे’ आणि पहिल्या दोन दिवसांत गरम शेक यांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलेले असेल, तर ओढण्याने ते सरकते.

लोक ज्या टप्प्यावर हमखास चुकतात तो यानंतर येतो. सूज उतरली की उपचार संपला असे मानले जाते, आणि दोन महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो. अस्थिबंधाबरोबर घोट्याची तोल सांभाळण्याची जाणही दुखावलेली असते, ती शिकवून परत आणावी लागते. दुखणे ओसरल्यावर रोज दात घासताना दुखऱ्या पायावर एकटे उभे राहावे, आधी ओट्याला हात लावून, मग हात सोडून, आणि शेवटी डोळे मिटून. सहा आठवडे हे केले, तर पाय पुन्हा मुरगळण्याचा धोका बराच कमी होतो. तरीही घोटा सारखा लचकत राहिला, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे.

चवडा, बोटे, नखे आणि कातडी

कुरूप आणि घट्टे हे दाबाचे परिणाम आहेत. कातडी कापून टाकली आणि चप्पल तीच ठेवली, तर ते महिन्याभरात परत येतात. तळव्यावरची चामखीळ कुरपासारखीच दिसते, पण तिच्यात काळे ठिपके असतात आणि ती सरळ दाबण्यापेक्षा बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. कुरपावर बिबा घालणे, ब्लेडने तासणे किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारी आम्लयुक्त कॉर्न कॅप लावणे हे मधुमेह्यांनी कधीही करू नये, कारण भोवतालची चांगली कातडीही जळते आणि ती जळाल्याचे कळत नाही.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या हा बुरशीचा आणि ओलाव्याचा आजार आहे. भातलावणी करणाऱ्यांना, गटारात काम करणाऱ्यांना आणि ओले बूट दिवसभर घालणाऱ्यांना तो सोडत नाही. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके कोरड्या सुती फडक्याने टिपावे, क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचे मलम लावावे, आणि चिखल्या दिसेनाशा झाल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवावे. दुकानदाराने दिलेल्या मलमात स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण त्याने खाज लगेच थांबते आणि बुरशी मात्र चिवट होऊन पसरते.

टाचांच्या भेगांना कोकणात भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) लावतात, आणि ते चांगलेच आहे. युरिया असलेले मलमही उपयोगी पडते. कोणतेही स्निग्ध द्रव्य अंघोळीनंतर पाय टिपून लगेच लावावे, बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कोपऱ्यात नख रुतून पू झाला, तर घरी पिन घालण्याऐवजी दवाखान्यात भूल देऊन तेवढी कड काढून घ्यावी.

अंगठ्याच्या बुडाचा सांधा मध्यरात्री एकाएकी लाल होऊन पांघरूणही सोसवेना, तर गाऊटचा, म्हणजे युरिक आम्ल सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा, विचार करावा. ऐन झटक्यात रक्तातील युरिक आम्ल सामान्यही येऊ शकते, म्हणून एका चाचणीवर निदान सोडून देऊ नये. अंगठा हळूहळू बाजूच्या बोटाकडे कलत जाऊन बुडाशी हाड पुढे आले असेल, तर रुंद तोंडाचे पादत्राण घालावे. बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या गाद्यांनी घासणे कमी होते. वाकडेपणा सरळ होत नाही. लहान मुलाचा तळवा सपाट दिसतो म्हणून धावपळ करू नये. मूल चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर महागडे बूट लागत नाहीत.

बधिर पाय

पुष्कळ पाय याच कारणाने गमावले जातात, म्हणून यावर थोडे सविस्तर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर अनेक वर्षे चढी राहिली की पायाच्या नसा मरत जातात: आधी मुंग्या आणि जळजळ, मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ लोकांना बरे वाटल्यासारखे भासते. चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, ही त्याची घरात दिसणारी पहिली खूण आहे.

वेदनाहीन पाऊल स्वतःला कसे इजा करून घेते, हे आधी समजले ते कुष्ठरोग्यांच्या पायांवरून, आणि तेही भारतात. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोगाने पाय झडत नाहीत, तर न दुखणाऱ्या जखमेवर चालत राहिल्याने ते जातात. मधुमेही पायाची आजची बरीचशी काळजी याच आकलनावर उभी आहे. आपल्याकडे अजूनही, साखर नसताना पाय बधिर असेल आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो.

पाय बधिर असलेल्या माणसाने रोज रात्री, दिव्याच्या उजेडात, तळवे पाहावेत. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात पाहावे, किंवा घरातल्या कोणी पाहावे. आता आमच्याकडे माझी मुलगी रोज रात्री आजीच्या दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू टेकवते. पाणी कोमट आहे का हे कोपराने तपासावे, गरम पिशवी आणि शेगडीजवळ पाय नेऊ नये, चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवावा. जोडवी घट्ट होत असतील, तर ती बोटात रुतण्याआधी काढावीत. तंबाखू आणि मिश्री यांनी पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात. बधिरपणाच्या जोडीला ते आले, तर जखम भरणेच अवघड होते.

हे मनापासून सांगणे आहे: नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत, दुपारच्या तापलेल्या फरशीवर दर्शनाच्या रांगेत उभे राहणे, आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, यांतली श्रद्धा मी जाणतो. बधिर पायाच्या भाविकाने वारीला निघण्याआधी महिनाभर तेच पादत्राण घालून चालण्याचा सराव करावा, रोज मुक्कामावर तळवे पाहून घ्यावेत, आणि मंदिरात जाड सुती मोजे घालावेत. पायाला फोड आला तर तो फोडू नये, आणि त्या दिवसापासून चालणे थांबवून गाडीने जावे.

कोणाच्या दारात जावे

अमेरिकेत पोडायट्रिस्ट हा पायाचा स्वतंत्र डॉक्टर असतो. तो चार वर्षांचे विशेष शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातील प्रशिक्षण घेऊन शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय कोणी ती लावू शकत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आईवडील मुक्कामाला आले की त्यांचे पाय एकदा तपासून घेण्याचा विचार जरूर करावा. भारतात मात्र हा व्यवसाय अजून तसा रुजलेला नाही, आणि ‘पोडायट्री’ची पाटी लावणाऱ्या व्यक्तीचे मूळ शिक्षण काय आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

इथे काम असे वाटून घेतलेले आहे. मोडलेले हाड, वारंवार मुरगळणारा घोटा, वाकडा अंगठा, खचलेली कमान यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, आणि शक्यतो पाऊल व घोट्याचे (फूट अँड अँकल) वेगळे प्रशिक्षण घेतलेले. मधुमेही जखमेसाठी मोठ्या शहरांतले डायबेटिक फूट क्लिनिक, नाही तर जनरल सर्जन. मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांच्या शल्यचिकित्सा विभागात हे काम रोज चालते. पाय थंड असेल किंवा चालल्यावर पोटरीत गोळा येत असेल, तर रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. कातडी आणि नखांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. आधाराचे बूट, गाद्या आणि पट्ट्यांसाठी ऑर्थोटिस्ट. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत हा विभाग आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडूनच योग्य दार विचारून चिठ्ठी घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

जाताना काय न्यावे आणि तिथे काय होते

रोजच्या वापरातली, झिजलेली चप्पल आणि बूट पिशवीत घालून न्यावेत. लोक दवाखान्यात जाताना नवी कोरी चप्पल घालतात, आणि नेमका पुरावा घरी राहतो. आईची जुनी चप्पल डॉक्टरांनी टेबलावर उलटी ठेवली तेव्हा डाव्या तळाचा आतला भाग कागदासारखा पातळ झालेला होता आणि अंगठ्याखाली एका खिळ्याचे टोक वर आलेले होते. ते तिला कधी टोचलेच नव्हते. सोबत चालू औषधांची यादी, मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी अहवाल, जुने एक्स-रे, आणि सूज चढत गेल्याचे तारखांसह फोटो असावेत. नखांना रंग लावू नये, पाय धुऊन जावे, आणि पायजमा किंवा साडी गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येईल असे पाहावे.

तपासणीत दोन्ही पाय उघडे करून पाहिले गेले पाहिजेत. बूट न काढता गोळ्या लिहून मिळाल्या, तर ‘एकदा पाय पाहता का’ असे नम्रपणे म्हणावे. डॉक्टर चालायला लावतील, मागून टाचा पाहतील, चवड्यावर उभे करतील. संवेदना तपासताना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवतात. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तो स्पर्श कळला नाही, तर पायाचे संरक्षण गेले असे समजतात. १२८ हर्ट्झचा कंपन-काटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतात, आणि घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ च्या खाली असेल, तर रक्तपुरवठा कमी आहे. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, १.३ च्याही वर येऊ शकतो, तेव्हा कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागते.

निघण्याआधी चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: निदान काय, पायावर किती भार द्यायचा, बरे होण्यास किती काळ लागेल, आणि काय झाले तर ठरलेल्या तारखेआधी यायचे. भार देण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तळव्यावरची जखम मलमाने भरत नाही, तिच्यावरचा दाब काढल्याने भरते. आईला गुडघ्याखालपासून पायाला चिकटून बसणारे प्लास्टर घातले गेले, ते दर आठवड्याला बदलले गेले, आणि दोन्ही पावलांचे तापमान जुळून येईपर्यंत साडेचार महिने लागले.

त्यानंतरचे पादत्राण

पादत्राण संध्याकाळी घ्यावे, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांत घालून उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि तळ बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्यभागी नव्हे. बधिर पायासाठी अंगठा धरणारी चप्पल चालत नाही. मागे पट्टा आणि वर वेल्क्रो असलेली एमसीआर (हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या मऊ) रबराची चप्पल किंवा सँडल घ्यावी. चांगले एमसीआर चिमटीत दाबले की जवळजवळ निम्मे दबते आणि सोडताच मूळ जाडीवर येते. खालचा तळ मात्र काटा आरपार न जाण्याइतका कडक असावा, आणि सगळी जोडणी शिवण व चिकटवणीची असावी, खिळ्यांची नाही. दुरुस्तीला दिली तरी हे सांगावे. कुष्ठरुग्णांना अशा चपला सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. नवे पादत्राण पहिल्या दिवशी तासभरच घालावे, काढून तळवे पाहावेत, आणि लाल डाग उरला तर ते बदलून घ्यावे.

पुढच्या तपासण्यांचे अंतर पायाच्या धोक्यावर ठरते. मधुमेह आहे पण संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक आहेत, त्यांनी वर्षातून एकदा. संवेदना गेली किंवा रक्तपुरवठा कमी झाला आहे, त्यांनी सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले आहे किंवा त्यांपैकी एकाच्या जोडीला पायाचा आकारही बदलला आहे, त्यांनी तीन ते सहा महिन्यांनी. आणि बधिर किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला पूर्वी जखम झालेली आहे, बोट कापावे लागले आहे किंवा मूत्रपिंड निकामी झाले आहे, त्यांनी एक ते तीन महिन्यांनी दाखवावे. आई तिसऱ्या गटात येते, आणि दर तीन महिन्यांनी तिची झिजलेली सँडल पिशवीत घालून आम्ही जातो.